वारा पडतो ती वेळ

मुंबईहून आमच्याकडे येणारे पाहुणे बहुधा दुपारच्या गाडीने येतात, जेवतात, थोडे लवंडतात आणि उन्हे कलली की सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर जातात. पाय ओले करून झाले की त्यांच्यापैकी कोणीतरी छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "तुमच्या डहाणूची हवा म्हणजे हवा!" तो खोटे बोलत नसतो. दुपारी दोन ते सायंकाळी सहा या वेळात डहाणूची हवा बहुतेक दिवशी खरोखरच चांगली असते. तेच पाहुणे डिसेंबर-जानेवारीत मुक्कामाला राहिले आणि सकाळी सात वाजता माझ्याबरोबर गावात फिरायला आले, तर परतताना त्यांचा घसा खवखवू लागतो आणि ते थंडीला बोल लावतात. थंडीचा त्यात थोडाच हात असतो. खरी गोम त्या वेळेत असते.

गेली चार वर्षे मी एक वही ठेवतो. सकाळी सात, सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ या चार वेळांना वाऱ्याची दिशा, त्याचा अंदाजे जोर आणि पूर्वेचे डोंगर दिसतात की नाही, एवढ्या तीन गोष्टी तीत टिपतो. उपकरण कोणतेही नाही, आणि वाऱ्याच्या दिशेसाठी डहाणूत ते लागतही नाही. खाडीच्या बाजूला औष्णिक वीज केंद्राची सुमारे २७५ मीटर उंचीची चिमणी उभी आहे; तिच्या तोंडचा पांढुरका पट्टा कोणीकडे कलला आहे हे गच्चीवरून पाहिले की काम भागते. माझे वडील चिकूच्या वाडीत फवारणी करायची की नाही हे त्या पट्ट्यावरूनच ठरवीत. मात्र तेवढ्यावर विसंबत नसत. खाली वाकून मूठभर कोरडी माती उचलीत आणि ती बोटांतून सोडून पाहत, कारण वरचा वारा आणि खालचा वारा एकच असतो असे नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. लहानपणी मला तो वेळकाढूपणा वाटे. आज माझ्या वहीतील निम्म्या नोंदी त्या मुठीतल्या मातीविषयीच आहेत असे म्हणता येईल.

डहाणूची भूमी समजून घेतल्याशिवाय येथील हवेचे वागणे उलगडत नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, त्याला लागून वाळू आणि सुरूची रांग, मग खाड्या, खाजणे आणि वाड्या, त्यापुढे रेल्वेमार्ग, त्याच्या पलीकडे भातखाचरे, आणि आणखी पूर्वेला जमीन हळूहळू चढत महालक्ष्मीच्या सुळक्यापाशी आणि जव्हारच्या पठारापाशी डोंगराला टेकते. समुद्र आणि डोंगर यांच्यामधला हा पट्टा पंचवीस किलोमीटरांच्या आसपासचा आहे. उत्तरेकडे खंभातचे आखात जवळ येत असल्याने येथील भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा मोठा असतो आणि ओहोटीला समुद्र इतका दूर जातो की नवख्या माणसाला तो हरवल्यासारखा वाटतो. ओहोटीच्या वेळी खाडीतल्या उघड्या चिखलाचा जो कुजकट वास येतो, त्याला बाहेरचे लोक प्रदूषण समजतात. तो वास खाडी जिवंत असल्याचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे हा विषय दोन ओळींत आटोपतो: दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, रात्री ती लवकर निवते म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. या दोन ओळींवर किनाऱ्याचा सगळा व्यवहार चालत आला आहे. शिडाची होडी होती तेव्हा येथील मच्छीमार पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. पण दिशा बदलताना या दोन वाऱ्यांमध्ये जो अवकाश राहतो, त्याबद्दल पुस्तकात काही नसते. एक वारा थांबल्यावर दुसरा लगेच सुरू होत नाही. मधल्या तास-दोन तासांत पान हलत नाही, आणि त्यालाच आपण वारा पडला असे म्हणतो. हिवाळ्यात तो सकाळी आठ-नऊच्या पुढे पडतो आणि सूर्यास्तानंतर पुन्हा एकदा पडतो.

नेमक्या याच दोन वेळांना गावाचा सगळा धूर तयार होत असतो. सकाळी पाण्याचे बंब पेटतात, पाड्यांवर चुली पेटतात, वाडीतला आणि रस्त्यावरचा पालापाचोळा झाडून त्याला काडी लावली जाते, शाळेच्या गाड्या आणि रिक्षा एकाच वेळी रस्त्यावर येतात. सायंकाळी याचीच उलटी आवृत्ती होते. त्यातच हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा इतकी निवते की वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. तापमानाची ही विपरीतता हवेवर झाकणासारखी बसते; खालची थंड, जड हवा वर जाऊ शकत नाही आणि तिच्यात सोडलेले सर्व काही तिच्यातच राहते. उन्हे चढून जमीन तापेपर्यंत झाकण उघडत नाही. पहाटे भातखाचरांवर कमरेइतक्या उंचीवर जो निळसर पट्टा तरंगताना दिसतो आणि ज्याचे छायाचित्र काढून लोक त्याला धुके म्हणतात, तो बहुतेक वेळा धुरकेच असतो. नाकाला ते ओळखता येते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांची एक समजूत असते की आपली घाण समुद्राने नेली म्हणजे ती संपली. कचऱ्याच्या बाबतीत ही समजूत लाटाच खोटी ठरवतात. हवेच्या बाबतीत ती खोटी ठरते हे मला वहीमुळे कळले. रात्रभर मतलई वारा गावाचा, पाड्यांचा आणि महामार्गाकडचा धूर हळूहळू समुद्रावर ढकलतो. तेथे तो नाहीसा होत नाही. पाण्यावर शांतपणे पसरून राहतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, तेव्हा पहिल्या झुळुकांबरोबर तीच शिळी हवा परत येते. ती मधल्या काळात उन्हात तापलेली असल्याने वाहनांच्या धुरातील वायूंपासून तिच्यात ओझोन बनू लागलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि घशाला मात्र लागतो. माझ्या हिवाळी नोंदींमध्ये खारा वारा सुरू होऊनही डोंगर अर्धा-पाऊण तास आणखी पुसट झाल्याचे पुन्हा पुन्हा आढळते. त्यानंतर मात्र खोल समुद्रावरची ताजी हवा पोहोचते आणि दुपारी तीनच्या नोंदीत सुळका स्वच्छ दिसतो. पाहुणे येतात ते यानंतर.

आता चिमणीविषयी. डहाणूत तिच्याबद्दल बोलताना लोक एकतर फार तापतात किंवा अगदी गप्प होतात, आणि दोन्हींमुळे ती समजून घ्यायचे राहून जाते. चिमणी उंच बांधली की धूर वर जाऊन विरळ होतो हे साधे गणित मैदानी मुलखात बऱ्याच अंशी चालते. किनाऱ्यावर दुपारी त्यात एक मेख असते. समुद्रावरून येणारी हवा गार आणि थराथरांनी शांत बसलेली असते. ती जमिनीवर चढली की खालून तापते आणि तापलेल्या, घुसळणाऱ्या हवेचा एक नवा थर तयार होतो. हा थर किनाऱ्यापाशी अगदी पातळ असतो आणि आत जावे तसा जाड होत जातो. त्याचा आकार एखाद्या पाचरीसारखा असतो. किनाऱ्याजवळच्या उंच चिमणीचा धूर सुरुवातीला या पाचरीच्या वरच्या शांत हवेत निघतो आणि न विरता, न पसरता दोरीसारखा पूर्वेकडे जातो. काही किलोमीटर आत पाचरीची जाडी धुराच्या उंचीपर्यंत पोहोचते, आणि तेथे घुसळणारी हवा तो धूर जमिनीपर्यंत खेचून आणते. म्हणून अशी चिमणी असलेल्या कोणत्याही किनारी गावात तिच्या पायथ्याशी राहणारा माणूस तिच्या धुरातून सुटू शकतो आणि ज्याला ती झाडांआडून नीट दिसतही नाही, त्याच्या अंगणात तो धूर उतरू शकतो. वडिलांच्या वरच्या आणि खालच्या वाऱ्याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

हे लक्षात घेतले की उंची हा उपाय अपुरा आहे आणि धूर तोंडाशीच धुतला पाहिजे, हे ओघाने येते. डहाणूचा इतिहास या दृष्टीने वेगळा आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, तालुक्यात उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा घातली गेली आणि भोवती २५ किलोमीटरांचा पट्टा राखला गेला. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच असलेले वीज केंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसवावी असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला आणि ती २००७ मध्ये कार्यान्वित झाली. समुद्राचे पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असल्याने ते हा आम्लधर्मी वायू शोषून घेते, आणि येथे धूर धुण्यासाठी खाडीचेच पाणी वापरले जाते. आदेश आणि अंमल यांच्यामध्ये आठ वर्षे गेली ही गोष्ट मला खटकते. तरीही देशातील बहुसंख्य कोळसा केंद्रांकडे त्यानंतर कितीतरी वर्षे अशी यंत्रणा नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. चिकूच्या घटलेल्या उत्पन्नाचे खापर आमच्याकडे सर्रास धुरावर फोडले जाते. बी पोखरणारी अळी, पावसाळ्यातील बुरशीमुळे होणारी फळगळ आणि बदललेला पाऊस यांचा हिशेब मांडल्याशिवाय मी त्या मताला सही देणार नाही, जरी आमच्या वाडीतही झाडे पूर्वीसारखी लगडत नाहीत.

ऋतूंकडे वळायचे तर पावसाळ्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. जूनपासून नैऋत्येचा वारा रात्रंदिवस एकाच दिशेने वाहतो, मतलई जवळजवळ बंद होतो, पाऊस जाडसर धूळ धुऊन काढतो आणि हवा उत्तम असते. दोन बारीक गोष्टी मात्र ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पाऊस मोठे कण जितक्या सहज खाली आणतो तितक्या सहज अतिसूक्ष्म कण आणत नाही. शिवाय उधाणाच्या वाऱ्याबरोबर मिठाचे कण इतके उडतात की जाडसर कण मोजणाऱ्या यंत्राला ते धुळीसारखेच दिसतात. त्याच मिठाने आमच्या खिडक्यांचे गज दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात. दम्याच्या रुग्णांना पावसाळ्यात त्रास होतो तो बहुधा भिंतींवरच्या बुरशीचा, बाहेरच्या धुराचा नव्हे.

ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी फिरला की नैऋत्येचा वारा जातो आणि उत्तरेचा अजून बसलेला नसतो. ऊन कडक, हवा स्तब्ध, भाताची कापणी चाललेली आणि दिवाळी तोंडावर. वर्षातला सर्वात लांब 'पडलेला वारा' याच दिवसांत असतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून उत्तर-ईशान्येचा कोरडा वारा स्थिरावतो. बोंबील वाळवणाऱ्यांना तो हवाच असतो, मला मात्र तो नकाशा उघडायला लावतो. आमच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरांवर तारापूर-बोईसरचा औद्योगिक पट्टा आहे आणि उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरांवर वापी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषण निर्देशांकात २००९ साली वापी ८८.०९ गुणांसह देशात दुसऱ्या क्रमांकावर होते, तर २०१८ साली तारापूर ९३.६९ गुणांसह पहिल्या क्रमांकावर आले. गावात चर्चा होते ती नेहमी तारापूरची, कारण ते जवळ आहे. परंतु हिवाळ्यात वारा आमच्याकडून तारापूरकडे जातो आणि वापीकडून आमच्याकडे येतो. त्यामुळे या ऋतूपुरते दूरचे वापीच आमचे शेजारी ठरते. तारापूरची आठवण ठेवायची ती एप्रिल-मे महिन्यांत, वारा अधूनमधून दक्षिणेचा होतो तेव्हा. हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून याहून दूरचा पाहुणाही येतो. २३ जानेवारी २०२२ च्या रविवारी पाकिस्तान आणि गुजरातच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबईसह उत्तर कोकण झाकून टाकले होते. त्या दिवशीच्या माझ्या चारही नोंदींत एकच शेरा आहे, 'डोंगर नाहीत'. आणि चिकूच्या पानांवर बसलेली ती पिठासारखी धूळ पुढे कित्येक आठवडे तशीच होती, कारण ती धुवायला पाऊस नव्हता.

मार्चपासून खारा वारा लवकर येऊ लागतो आणि जोरात येतो, त्यामुळे किनाऱ्यावरची हवा सुधारते. पूर्वेचा तापलेला वारा त्याला कधी दुपारपर्यंत अडवून धरतो आणि त्या दिवशी आम्ही भाजून निघतो, पण ते दिवस थोडे. याच काळात डोंगराकडच्या पाड्यांवर राब भाजले जातात. भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या जागेवर फांद्या, पाला, शेण आणि माती यांचे थर रचून ते जाळण्याची ही पद्धत जुनी आहे, आणि ज्यांच्याकडे खतावर खर्च करायला पैसे नाहीत त्यांना ती सोडा असे घरबसल्या सांगण्याचा अधिकार मला वाटत नाही. एक गोष्ट मात्र मी एका वारली शेतकऱ्याकडून शिकलो. आग शेजारच्या रानात जाऊ नये म्हणून तो वारा पडण्याची वाट पाहतो. त्याची सावधगिरी योग्यच आहे, पण ज्या वेळी आग पसरत नाही त्या वेळी धूरही पसरत नाही, आणि रात्री मतलई सुरू झाला की तो उतारावरून सावकाश आमच्याकडे उतरतो. दुपारच्या धूसर डोंगरांपेक्षा रात्री नऊच्या नोंदीतला 'राबाचा वास' हा शेरा मे महिन्यात मला अधिक वेळा आढळतो, तो यामुळे.

हे सगळे आकड्यांत का दिसत नाही, असे एका मित्राने विचारले होते. आपल्याकडे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा त्याच्या एक-चतुर्थांश, म्हणजे १५ आहे. आता केवळ हिशेबासाठी असे धरू की दिवसातले २२ तास हवेत ३० मायक्रोग्रॅम कण आहेत आणि वारा पडलेल्या दोन तासांत ते २०० वर जातात. दिवसाची सरासरी येते सुमारे ४४. दिवस आपल्या मानकात आरामात बसतो. पण ते दोन तास म्हणजे मुलांनी शाळेत चालत जाण्याचे आणि माझ्यासारख्या साठी उलटलेल्यांनी आरोग्यासाठी फिरायला जाण्याचे तास आहेत. मी आता हिवाळ्यात सायंकाळी पाच वाजता फिरतो. शाळांची वेळ अशी बदलता येत नाही, निदान पाचोळा जाळण्याची वेळ तरी दुपारी न्यावी, किंवा खड्डा काढून त्याचे खत करावे, असे मी आमच्या गल्लीत सांगून पाहिले. दोन घरांनी ऐकले. उरलेल्यांचे म्हणणे असे की सकाळी झाडलेला केर दुपारपर्यंत ठेवणे बरे दिसत नाही.

इतक्या वर्षांच्या नोंदींत एक दिशा मात्र कधी संशयित ठरली नव्हती. नैऋत्य आणि पश्चिमेकडून आलेला वारा, सकाळच्या त्या शिळ्या पहिल्या तासाचा अपवाद सोडला तर, चांगलाच असे, कारण त्या बाजूला चूल, भट्टी किंवा इंजिन असे काही नव्हतेच. काही मासेमारी होड्या आणि क्षितिजापलीकडून जाणारी जहाजे एवढेच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे हे बंदर समुद्रात भराव घालून उभे राहायचे आहे आणि वाढवण आमच्या नैऋत्येला आहे. बंदराच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले आहे, मच्छीमारांचे प्रश्न तर हवेपेक्षा कितीतरी तातडीचे आहेत. मी येथे फक्त दिशेबद्दल बोलतो आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, ही जमेची बाजू आहे. परंतु धक्क्याला लागलेले जहाज किनाऱ्यावरून वीज घेत नसेल तर आपली जनित्रे चालूच ठेवते, आणि तो धूर खारा वारा सुरू होताच, म्हणजे दिवसाच्या ज्या वेळी आमची हवा आजवर सर्वात चांगली असे त्याच वेळी, गावाकडे वळेल.

भूमिपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून मी वहीत पाचवी वेळ वाढवली आहे. दुपारी एक वाजता, वारा नैऋत्येचा असताना, पश्चिमेचे क्षितिज रेघेसारखे दिसते की पुसट, एवढेच तेथे लिहितो. अजून बहुतेक दिवशी 'रेघ' असेच लिहिले जाते.